वेणी घालता येते का, हे विचारणार कोण?

माझी ताई बावीस वर्षं शिलाई करते. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. सात वर्षांपूर्वी तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. सुरुवातीचे कित्येक महिने 'वात असेल' म्हणून तेल चोळण्यात गेले आणि मग निदान झालं, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. म्हणजे आमवात. सकाळी उठल्यावर दोन तास तिची बोटं मिटत नाहीत. चहाचा कप ती कानाला धरून उचलत नाही, दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरते. दहाच्या पुढे गोळीचा गुण येतो, हात जरा मोकळे होतात, तेव्हा कुठे ती मशिनवर बसते आणि एक ब्लाउज झाला की उठते. पूर्वी दिवसाला चार व्हायचे.

दोन वर्षांपूर्वी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आम्ही तिला सिव्हिलला नेलं. ऑनलाइन अर्ज, तारीख, केसपेपर, रांग. पहाटे साडेपाचची एसटी गाठायची म्हणून ती साडेतीनला उठली, गरम पाण्यात हात घालून बसली, गोळी घेतली. नंबर लागला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. तिच्या हातांची दिवसातली सगळ्यात बरी वेळ. डॉक्टर म्हणाले, मूठ वळा. तिनं दात आवळून वळली. उघडा. उघडली. हात वर करा. केले. दुखतं का? "थोडंफार." घरातली कामं जमतात? "जमतात की." सगळं मिळून तीन-चार मिनिटं. टक्केवारी आली २८. चाळीसच्या खाली, म्हणजे पेन्शनला नाही, आरक्षणाला नाही, एसटीच्या सवलतीलाही नाही.

परतीच्या एसटीत मी तिच्यावरच चिडले. जमतात असं कशाला म्हणालीस? तिनं खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "मग काय खोटं सांगू? जमवतेच की मी."

जमतं आणि जमवते. या दोन शब्दांच्या मध्ये जे काही आहे ते आपल्या सरकारी तपासणीत मोजलंच जात नाही, असं माझं म्हणणं आहे. कणीक मळायला शेजारची मुलगी येते, कुकरचं झाकण जावई लावून देतो, साडीऐवजी गाऊन, केस कापून टाकलेले, कारण वेणी घालता येत नाही. यातलं एकेक म्हणजे तिनं सोडून दिलेलं काम आहे. पण तिच्या तोंडी त्याचं नाव 'जमवणं'. आपल्याकडे डॉक्टरांसमोर रडगाणं गाऊ नये असं वळण असतं. बायकांना तर ते जास्तच असतं. दवाखान्यात बसलेल्या माणसाला कसं आहे विचारा, 'बरं आहे' हेच उत्तर येतं. एरवी हा आपला चांगुलपणा. टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर तोच माणसाला महागात पडतो.

त्यानंतर मी नियम वाचायला बसले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस. मोजायचं कसं, याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्रानं ४ जानेवारी २०१८ ला राजपत्रात छापली (मार्च २०२४ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली). त्यात हाताच्या तपासणीचा भाग वाचताना मी थांबले. सांधा किती अंश वळतो आणि स्नायूत ताकद किती, एवढ्यावरच ते थांबत नाही. रोजच्या दहा कामांची यादी आहे आणि प्रत्येक कामाला नऊ टक्के दिलेत. डोक्याच्या वरची वस्तू काढून परत जागेवर ठेवणं. नाकाला हात लावणं. आपल्या पद्धतीनं हातानं जेवणं. केस विंचरून वेणी घालणं. सदरा घालणं. शौचानंतर स्वच्छता. पेल्यानं पाणी पिणं. बटणं लावणं. नाडी किंवा धोतर बांधणं. लिहिणं.

वेणी! राजपत्रात वेणी आहे. हे ज्यांनी लिहिलं त्यांना इथलं घर माहीत होतं. हात म्हणजे कोनमापकावरचे अंश नसतात, हातानं माणूस जेवतो, नाडी बांधतो, हे त्यांना कळलेलं होतं. पायांसाठीही तसंच आहे. सपाटीवर चालणं, चढावर चालणं, जिना, उकिडवं बसणं, मांडी घालणं. माझ्या ताईला यातलं एकही काम कुणी करून दाखवायला सांगितलं नाही. तिनंही सांगितलं नाही, कारण असं काही विचारलं जाऊ शकतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी डॉक्टरांना दोष द्यायला हे लिहीत नाही. बोर्डाच्या दिवशी त्या खोलीबाहेरची रांग मी पाहिली आहे. तेच डॉक्टर सकाळी ओपीडी करून आलेले असतात, संध्याकाळी शस्त्रक्रियेला उभे राहणार असतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग नोंदले गेले, तेही सात प्रकारांच्या कायद्याच्या काळात. प्रकार तिपटीनं वाढले, खोल्या आणि माणसं तिपटीनं वाढली नाहीत. घाई असली की माणूस जे पटकन मोजता येतं तेच मोजतो. मूठ वळते का, हे दोन सेकंदांत कळतं. वेणी घालायला पाच मिनिटं लागतात.

पण वेळ वाढवून दिला तरी एक मोठा प्रश्न शिल्लक राहतो. ही सगळी यादी 'येतं का' विचारते. किती वेळ येतं, किती वेळा येतं आणि नंतर काय होतं, हे विचारत नाही. कामाचा संबंध तर याच तीन प्रश्नांशी आहे. ताईला बटण लावता येतं. एका गणवेशाला सात बटणं लावली की दुसऱ्या गणवेशाला तिचा अंगठा उचलत नाही आणि दुसरा दिवस वाया जातो. एकदा करून दाखवणं ही एक गोष्ट, पोट भरेल इतक्यांदा करणं ही वेगळीच.

ब्रिटनमध्ये यासाठी वर्क केपेबिलिटी असेसमेंट नावाची तपासणी आहे, २००८ पासून. आजारी माणूस कामाला लायक आहे की नाही हे तिथे गुणांवर ठरवतात, पंधरा गुण झाले तर काम करण्याची क्षमता मर्यादित आहे असं धरतात. त्या तपासणीवर तिथले दिव्यांग वर्षानुवर्षं रागावलेले आहेत, अपिलात असंख्य निर्णय फिरलेत आणि तिथल्या सरकारनंच ती बंद करायचं जाहीर केलंय. तिची नक्कल करा असं मी अजिबात म्हणणार नाही. पण तिच्या चालण्याच्या निकषात एक बारकावा आहे. पन्नास मीटर न थांबता चालता येतं का, एवढंच विचारून ते सोडत नाहीत. दमल्यामुळे किंवा दुखल्यामुळे तेच अंतर ठीकठाक वेळेत पुन्हा पुन्हा चालता येत नसेल, तर तेही 'येत नाही' यातच धरायचं असं लिहिलंय. 'पुन्हा पुन्हा' हे दोन शब्द आपल्या फॉर्मात आले तर ताईचा हात कागदावर खरा दिसेल.

आपल्या न्यायालयांना हा फरक समजलेला आहे, आणि तो आजचा नाही. कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या एका सुताराचा खटला जवळपास पन्नास वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सुतारकाम एका हातानं होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असं न्यायालयानं मानलं. २०१० मध्ये अपघात भरपाईच्या एका निकालात तेच आणखी उलगडून सांगितलं. डावा हात गेला तर शरीराचं अपंगत्व साधारण साठ टक्के धरतील, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, आणि सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. २०२१ मध्ये लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही, असा निकाल आला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तर वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणांत न्यायालयानं स्पष्टच सांगितलं की टक्केवारीचा आकडा बघून विद्यार्थ्याला दारातून परत पाठवायचं नाही, तो प्रत्यक्षात काय करू शकतो हे मंडळानं तपासायचं.

वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणांत प्रश्न उलटा होता, हे खरं. टक्केवारी जास्त म्हणून विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारला जात होता, ताईची कमी म्हणून तिला आधार नाकारला गेला. चूक दोन्हीकडे एकच आहे. शरीराचा आकडा काढायचा आणि त्यालाच कामाचं उत्तर समजायचं. आणि न्यायालयाचा शहाणपणा मिळतो तो वकील करू शकणाऱ्याला, किंवा अपघात झाला आणि विम्याची कंपनी समोर आहे त्याला. शिलाई करणारी बाई, ऊसतोड करणारा गडी, धुणीभांडी करणारी मावशी, यांच्यासाठी 'तुमच्या कामाचं काय झालं' असं विचारणारी जागाच नाही.

खरं तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत असा शब्द आहे. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांना ती लागू आहे. चरितार्थ! किती नेमका शब्द. पण तो नियमात राहतो आणि तहसीलच्या टेबलावर मागतात ते प्रमाणपत्र आणि आकडा. दिव्यांगांसाठीचं हे अनुदान २०२५ मध्ये महिन्याला २,५०० रुपये झालं, त्याचं स्वागतच आहे. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनात तर ऐंशी टक्क्यांची अट आणि केंद्राचा वाटा ३०० रुपये. एकोणचाळीस आणि चाळीस यांच्यात शरीराच्या दृष्टीनं काहीच फरक नसतो. घराच्या दृष्टीनं वर्षाचे तीस हजार असतात.

काही आजार तर या वाटेवरच येत नाहीत. मूत्रपिंड निकामी झालेला माणूस आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातो, मधले दिवस थकव्यात काढतो, पण एकविसांच्या यादीत त्याचा आजार नाही. हृदयाचाही नाही. मानसिक आजारांची गोष्ट थोडी बरी आहे, कारण तिथे वापरतात ती आयडियाज नावाची मोजपट्टी मुळातच माणसाच्या वागण्याची आहे. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम. घर सांभाळणाऱ्या बाईचं घरकामही ती 'काम' म्हणूनच धरते, आजार किती वर्षांचा आहे याचे गुण वेगळे देते, आणि जवळच्या माणसाला विचारून घ्यायला सांगते. सांध्यांच्या, नसांच्या, रक्ताच्या आजारांना अशीच पट्टी का नसावी? सिकलसेलचा मुलगा तपासणीच्या दिवशी ठणठणीत दिसू शकतो. त्याच्या वेदनेचे झटके वर्षात किती दिवस खातात, हे त्याच्या आईला विचारल्याशिवाय कसं कळणार?

यावर मला हमखास मिळणारं उत्तर माहीत आहे. बोगस. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला आणि तेव्हापासून प्रत्येक अर्जदाराकडे संशयानं बघितलं जातंय. रांगेत उभ्या असलेल्या बाईलाही ते जाणवतं. बोगस प्रमाणपत्र घेणारा खऱ्या दिव्यांगाच्या ताटातलं उचलतो, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. कायद्याच्या ९१ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, ती वापरावी. पण विचार करा, तीन मिनिटांच्या तपासणीत कोण तरून जातो? ज्याला लंगडण्याचं सोंग करता येतं तो. ज्याला सोंग येत नाही, जी दात आवळून मूठ वळते, ती नापास होते. तीन महिन्यांच्या नोंदी, औषधांच्या चिठ्ठ्या, घरच्या माणसाचं म्हणणं आणि डॉक्टरांची तपासणी यांचा मेळ बसतो का हे पाहणं, हीच बोगसगिरीची खरी चाळणी आहे. सोंग तीन मिनिटं टिकतं, तीन महिन्यांच्या वहीत टिकवणं फार अवघड.

म्हणून तयारी करून जाण्याबद्दल मनात जो एक संकोच असतो, तो आधी काढून टाकू या. तयारी म्हणजे नाटक, अशी आपली समजूत आहे. मुलाखतीला जाताना तयारी करतो, कोर्टात साक्षीला जाताना कागद वाचून जातो, आणि आयुष्यभराच्या आजाराबद्दल बोलायला मात्र हात हलवत जातो. ताईच्या बाबतीत आम्ही केलेल्या चुका सांगते, कुणाला उपयोग होईल.

गोळी घेऊनच जावं, ती चुकवू नये. पण गोळी घेतल्याचं आणि किती वाजता घेतली हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. पहाटे किती वाजता उठावं लागलं, प्रवासानंतर काय होतं, हेही. घरात रोज जवळ असणारं माणूस सोबत न्यावं, कारण आपण काय सोडून दिलंय हे आपल्याला दिसेनासं झालेलं असतं, त्यांना दिसतं. ताईनं वेणी सोडली हे मला आठवलं, तिला नाही. 'जमतं का' या प्रश्नाला हो-नाही देऊ नये. कोणाच्या मदतीनं, किती वेळात, दिवसातून किती वेळा आणि नंतर काय, असं उत्तर द्यावं. सगळ्यात वाईट दिवस कसा असतो तो सांगावा, आणि असे दिवस महिन्यात किती तेही सांगावं. एकाचे दोन करू नयेत. दोनाचा एकही करू नये. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्यावेत, घडी घातलेल्या पिशवीतून एकेक काढत बसलो की तपासणीचीच मिनिटं जातात.

आणखी एक, जे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. दोन वेगळ्या तक्रारी असतील तर त्या एकत्र धरता येतात. यंत्रमागावर आयुष्य घालवलेल्या माणसाचे कानही गेलेले असतात आणि गुडघेही. अर्ज मात्र तो एकाचाच भरतो. याची बेरीज सरळ होत नाही, मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा ठरावीक हिस्सा मिळवतात. तरीसुद्धा ३० आणि १५ एकत्र केले की सूत्रानुसार बरोबर ४० होतात. पंधरा टक्के बहिरेपणाचा अर्ज कोण कशाला करेल, असं वाटतं. त्या पंधरावरच दार उघडतं किंवा बंद राहतं. निर्णय पटला नाही तर ५९ व्या कलमाखाली अपील आहे. आम्हाला प्रमाणपत्रावर २८ हा आकडा मिळाला, तो कसा आला याची मांडणी मिळाली नाही. कुठे कमी धरलं हेच माहीत नसेल तर अपिलात लिहायचं काय? परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळते, शरीराच्या मोजणीची का मिळू नये?

मात्र हे सगळं सांगताना माझ्या मनाला एक गोष्ट टोचत राहते. वही लिहिणारी, नियम वाचणारी, सोबत येणारी बहीण प्रत्येकाला नसते. ताईला मी आहे. तिच्या पुढे रांगेत बसलेल्या म्हातारबाबांना कुणी नव्हतं, त्यांचा नंबर पुकारला तो मीच त्यांना सांगितला. चांगली तयारी करणाऱ्याला जास्त टक्के मिळत असतील, तर ते आजाराचं मोजमाप राहत नाही, शिक्षणाचं आणि गोतावळ्याचं होतं. म्हणून ही तयारी माणसावर सोपवून चालणार नाही. ती सरकारनं करून घ्यायची गोष्ट आहे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तारखेचा मेसेज जातो त्याच्यासोबत मराठीत एका पानाची प्रश्नावली जाऊ शकते, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची आशाताई किंवा अंगणवाडीताई मानधन घेऊन भरून देऊ शकते. दिवसागणिक कमी-जास्त होणाऱ्या आजारांसाठी दोन वेगळ्या वेळी तपासणी ठेवता येईल, त्यातली एक गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळी आठला. टक्केवारीच्या शेजारी एक रकाना वाढवता येईल: हा माणूस पोटासाठी कोणतं काम करत होता आणि ते आता किती करू शकतो. वेगळा दिव्यांग कल्याण विभाग स्थापणारं आपलं राज्य आहे. एक रकाना वाढवून घेणं त्याला जड जाऊ नये.

आणि यातलं काही व्हायच्या आधी, याच आठवड्यात, प्रत्येक सिव्हिलमध्ये बोर्डाच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर एक फलक लावता येईल. आत कोणकोणत्या कामांवरून टक्के ठरतात त्यांची यादी, मोठ्या अक्षरात, मराठीत. जेवणं, बटण, नाडी, वेणी, मांडी, जिना. चार तास त्या बाकावर बसलेली बाई ती वाचेल, किंवा शेजारचं कुणी तिला वाचून दाखवेल, आणि तिला आठवेल की आपण केस कधी कापले.